आधी वजन मोज, मग चिप माग

दोन वर्षं आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये काढलीस, मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र घेतलंस, आणि आज ही यादी माझ्या हातात देतोस? ईसीएमची चिप, कोन फिल्टर, मोठा सायलेन्सर, एक नंबर वरचे टायर, मागे दोन जादा कमानपाटे, एलईडी दिवे. समोर किमती, खाली बेरीज 40 हजार. आणि वर म्हणतोस, ‘सर, कमी पैशात पिकअपचा परफॉर्मन्स वाढवायचाय.’

या कागदावर मोजमाप एकही नाही. गाडीत कमी काय आहे आणि ते तू कशाने मोजलंस, याचा एक शब्द नाही. एखादं गिऱ्हाईक अशी यादी घेऊन आलं असतं तर मी त्याला शांतपणे समजावलं असतं. तू गिऱ्हाईक नाहीस. तुझ्या हातात आम्ही फीलर गेज दिली होती, मल्टिमीटर दिला होता. तू यादी करतोस ती ऑपेरा हाऊसच्या दुकानदाराने काउंटरवर जे पुढे केलं त्याची आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शेजारच्या गाडीला जे बसवताना पाहिलंस त्याची. म्हणून तुला बोलतोय, आणि कडक बोलतोय.

तुझं काम काय ते आधी तुलाच सांगतो. रात्री नाशकाकडून टोमॅटो भरतोस, पहाटे दादरला सेनापती बापट मार्गावर उतरवतोस, मधल्या वेळेत लालबाग-परळचं एखादं भाडं मारतोस आणि रिकामी क्रेटं घेऊन परत जातोस. तक्रार काय, तर ‘कसाऱ्याला गाडी ओढत नाही.’ अरे, जरा डोकं चालव. नाशकाहून मुंबईला येताना कसारा उतरायचा असतो. भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी गाडी घाट चढते. कसारा घे, माळशेज घे, बोरघाट घे, देशावरून मुंबईला येणारा सगळा माल सह्याद्री उतरून येतो. तुझ्या धंद्यात वजन अंगावर असतं तेव्हा तुला थांबायचं असतं. आणि तू पैसे ओततोस ताकदीवर! या यादीत ब्रेकच्या नावाने एक रुपया नाही. तो मी दोनदा शोधला.

आता हिशेब कर. पिकअप रिकामी असताना पावणेदोन टन धर. शंभर फुटांना सहा फूट असा चढ धर, वेग ताशी 40 किलोमीटर. चढ, टायरचा अडथळा आणि वारा मिळून चाकाशी साधारण 20 ते 22 हॉर्सपॉवर लागते. तुझं इंजिन कारखान्यातून सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर घेऊन निघालंय. तिप्पट ताकद हाताशी असताना रिकामी गाडी चढत नसेल, तर ताकद कमी नाही. गाडी आजारी आहे. आजार शोधायचा सोडून तिला चिप लावणार? चिप करते काय? इंजिनच्या संगणकाला सांगून जास्त डिझेल सोडायला लावते, टर्बोचं प्रेशर वाढवते. एअर फिल्टर तुंबलेला असेल, टर्बोची नळी फाटलेली असेल, तर त्या जादा डिझेलला हवाच मिळणार नाही. ते काळा धूर होऊन बाहेर पडेल, धुराची उष्णता वाढेल, आणि ती टर्बोच्या आणि पिस्टनच्या बोकांडी बसेल. क्लचप्लेट आधीच झिजलेली असेल, तर वाढलेला टॉर्क ती जाळेल. मग पुन्हा माझ्याकडे येशील, क्लच विचारायला.

आजार शोधायला काय लागतं? एक सकाळ आणि दोन हात. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धर. डिझेल फिल्टर शेवटी कधी बदलला ते वहीत बघ. वही नसेल तर आजच बदल आणि वही सुरू कर. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या नळ्यांवर हात फिरव. जिथे तेलकट, ओलसर डाग सापडेल तिथून बहुतेक हवा निसटतेय. ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी किती बसलीय ते उघडून बघ. गाडी दहा किलोमीटर चालवून आण, ब्रेक कमीत कमी लावत, आणि उतरल्यावर चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ जपून हात ने. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल, तर तिथला ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग गेलंय. तू ॲक्सिलरेटर दाबत होतास आणि ब्रेक तुला मागे खेचत होता. चौथ्या गिअरमध्ये चढावर इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी वेग घेत नाही, असं होत असेल तर क्लच घसरतोय. टायरमधली हवा गेजने मोज, लाथ मारून नाही. यातलं प्रत्येक तुला शिकवलंय. यातलं एकही न करता तू दुकानात गेलास, याचा मला राग आहे.

आपण कोणत्या वस्तीत काम करतो याची तरी जाण ठेव. मध्य रेल्वेचा परळचा कारखाना 1879 सालचा. शिवडीला जनरल मोटर्सने 1928 मध्ये गाड्या जोडायला सुरुवात केली, महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास माझगावात जीप जोडल्या. गिरणगावातल्या शेकडो घरांत फिटर होते, आणि त्यांची रीत एकच होती: यंत्र उघडायचं, झीज मोजायची, कारखान्याने दिलेल्या मापाशी ताडून बघायची, माप सोडलं असेल ते बदलायचं. यंत्र नवीन होतं तसं परत करणं हीच त्यांची कमाल होती, आणि आजही तुझ्या गाडीसाठी यापेक्षा स्वस्त सुधारणा जगात नाही. दीड लाख किलोमीटर चाललेली पिकअप मूळ मापावर आणलीस, तर तिच्यात जो फरक पडेल तो कुठल्याही चिपने पडणार नाही.

आता पाट्यांवर येतो. या यादीत मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल तर त्या दोन जादा पाट्यांची. ‘मागून गाडी बसते, सर.’ गाडी बसते कारण तू तिच्यावर बसतोस! 1.7 टनांची पिकअप आहे तुझी. टोमॅटोच्या क्रेटात 20 किलो माल धर, क्रेटाचे वर दोन किलो. 77 क्रेटं झाली की 1.7 टन संपले. तू किती लावतोस? शंभर? त्याहून जास्त? क्रेटं तू मोजतोस कारण त्यांचे पैसे मिळतात, वजन मोजत नाहीस कारण त्याचे पैसे द्यावे लागतात. हौद्यावर लोखंडी जाळी चढवून घेतलीस, तिचंही वजन त्याच 1.7 टनांतून जातं, आणि ते रिकाम्या फेरीलाही तुझ्या डोक्यावर असतं.

पाटा वाढवला की फक्त बसणं थांबतं. ॲक्सल तोच राहतो, त्याचं हौसिंग तेच, बेअरिंग तीच, टायर तेच, ब्रेक तेच, चासीही तीच. वजन सोसायची ताकद या सगळ्यांपैकी एकाचीही वाढत नाही. गाडी खाली बसून तुला जे सांगत होती, ते सांगायचं तिचं तोंड तू बंद केलंस, एवढंच झालं. आणि याहून वाईट पुढे आहे. मागच्या ॲक्सलच्या वर चासीला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. कित्येक पिकअपना तो आहे. तुझ्या गाडीखाली झोपून बघ. गाडी भरली की चासी खाली येते, दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की प्रेशर कमी करतो, म्हणजे मागची चाकं जागीच अडकून गाडी फिरू नये. तू पाटे वाढवून चासी उचलून धरलीस. आता दोन टन माल भरलेला असताना तो व्हॉल्व्ह समजतो की गाडी रिकामी आहे. मागचा ब्रेक तो अर्धवट देतो. सगळ्यात जास्त ब्रेक हवा असतो तेव्हा तुझ्या गाडीने तो स्वतःहून काढून घेतलेला असतो, आणि हे तुला कोणत्याही दिव्याने, कोणत्याही आवाजाने कळणार नाही. कसाऱ्याच्या उतारावर कळेल.

त्या उताराचाही हिशेब ऐक. घाटाची उंची सुमारे 300 मीटर धर आणि भरलेली गाडी साडेतीन टनांची धर. एवढं वजन एवढं खाली आणायचं म्हणजे जी उष्णता तयार होते, तिच्यावर तीस लिटरहून जास्त थंड पाणी खळखळून उकळेल. थोडी वारा आणि टायर खातात. थोडी इंजिन खातं, तेही गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तरच. उरलेली सगळी ब्रेकच्या लायनरमध्ये आणि ड्रममध्ये जाते. त्यात तू आणखी अर्धा टन टाकलास, की सातवा हिस्सा उष्णता वाढली. ब्रेक ऑइल जुनं होत जातं तसं हवेतली ओल ओढून घेतं. नवीन डॉट-3 ऑइल 205 अंशांच्या आत उकळत नाही, पण ओल मुरल्यावर तीच मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट-4 ची 230 वरून 155 वर. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जाऊन टेकतं. तू ब्रेक ऑइल कधी बदललंस? आठवत नाही ना? दोन वर्षांत एकदा बदलायचं असतं, आणि ते अगदी थोड्या पैशात होतं.

आणि डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करतोस, हेही मला माहीत आहे, तुम्ही सगळेच करता. संगणकाने चालणाऱ्या इंजिनमध्ये गिअरवर उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल पूर्ण बंद होतं. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे तू डिझेलही घालवतोस आणि इंजिनचा ब्रेकही घालवतोस. चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतर. हे सुधारायला पैसे लागत नाहीत.

एक नंबर वरचे टायर. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर चाकाशी मिळणारी ओढ साधारण नऊ टक्क्यांनी कमी होते. एका हाताने चिप लावून ओढ विकत घेणार आणि दुसऱ्या हाताने टायर लावून ती विकून टाकणार? शिवाय काटा 50 दाखवेल तेव्हा गाडी 55 ने जात असेल, आणि गाडीतल्या ताशी 80 च्या वेगनियंत्रकालाही फसवल्यासारखं होईल. टायर घे, पण कंपनीने सांगितलेल्या मापाचे, तेवढंच वजन सोसणारे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात ते वाच: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. दुकानदार जुना माल ‘नवीनच आहे’ म्हणून देतो, तो घेऊ नकोस. रिमोल्ड टायर पुढच्या चाकाला कधीच नाही.

सायलेन्सरवर मी वेळ घालवणार नाही. आवाजाने ताकद येत नाही आणि पहाटे साडेतीनला परळच्या चाळींखालून तू जाणार आहेस. विषय संपला.

कोन फिल्टर मात्र नीट समजून घे, कारण तो मुंबईत वेगळाच घात करतो. कारखान्याने हवेचं तोंड उंचावर, इंजिनच्या तापापासून दूर ठेवलेलं असतं. कोन फिल्टर बॉनेटच्या आत उघडा बसतो. एक तर तो गरम हवा ओढतो, आणि गरम हवेत ऑक्सिजन कमी. दुसरं, पावसाळ्यात हिंदमाताला काय होतं हे दादर-परळच्या माणसाला मी सांगायला नको. महापालिकेने जमिनीखाली पाण्याच्या टाक्या बांधल्या, तरी मोठ्या पावसात भरतीच्या वेळी तिथे पाणी भरण्याची भीती असते. त्या पाण्यात पुढच्या बसने लाट उडवली आणि तो फिल्टर भिजला, तर पाणी थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. पिस्टन वर येतो आणि पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ फिल्टरचा डबा, त्याचं रबरी बूच, त्याचं झाकण नीट बसव, आणि पाणी चाकाच्या मध्याच्या वर दिसलं तर गाडी लालबागच्याच बाजूला उभी कर.

कायद्याचंही ऐकून ठेव, कारण ‘सगळेच करतात’ हे उत्तर ताडदेवच्या आरटीओत चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवर कारखान्याने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका खटल्यात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजार दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. जादा वजनाला 20 हजार, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार, आणि जादा माल उतरवायचा खर्च तुझा. हे दंड एक वेळ भरशील. पण अपघातानंतर विम्याचा माणूस गाडीखाली वाकला आणि त्याला दोन परके पाटे दिसले, तर तुझा दावा अडकू शकतो. भरपाई तुझ्या घरावर येऊ शकते.

आणि दंडाहूनही मोठी गोष्ट आहे. पहाटे तू दादरला पोचतोस तेव्हा रस्त्यावर कोण असतं? पाटी डोक्यावर घेऊन वाकलेले हमाल, फुलांच्या ढिगाऱ्याजवळ जमिनीवर बसलेल्या बायका, हातगाड्या. त्या गर्दीत तू रिव्हर्स घेतोस. तुझ्या गाडीचा परफॉर्मन्स मी त्या बायकांच्या जागेवरून बघतो. ती किती लवकर पळते याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, ती किती लवकर थांबते यावर त्यांचा जीव आहे.

आणि ताकदीचंच म्हणशील, तर टाटाने 2005 मध्ये छोटा हत्ती काढला तेव्हा त्याला 700 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आणि 16 हॉर्सपॉवर होती. सोळा! त्या सोळांवर या देशात लाखो माणसांनी घरं चालवली, मुलं शिकवली. जे वजन सांगितलं ते भरलं, वेळेवर ऑइल बदललं, आणि गाडी रोज सकाळी सुरू झाली. मालाच्या गाडीला यापेक्षा वेगळी परीक्षा नसते.

आता त्या 40 हजारांचं काय करायचं. पहिला पैसा ब्रेकला: चारही चाकांचे लायनर आणि पॅड मोजून बदल, ड्रमला खोबण पडली असेल तर बघून घे, ऑइल नवीन, सिलिंडरची रबरं नवीन, हँडब्रेक उतारावर धरतो का ते तपास. दुसरा टायरला आणि व्हील अलाइनमेंटला, आणि एक चांगली हवेची गेज तुझ्या स्वतःच्या खणात. तिसरा स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, किंगपिन, चाकांची बेअरिंग, कमानपाट्यांच्या बुश. मूळ पाट्यांत एखादा तुटला किंवा थकला असेल तर त्याच मापाचा, तेवढ्याच संख्येचा सेट बसव; त्याला माझी ना नाही. मग वर सांगितलेले फिल्टर, नळ्या, क्लच, कूलंट.

दिव्यांसाठी एलईडीचं किट नको. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये ते प्रकाश भलतीकडेच फेकतं आणि समोरचा ड्रायव्हर आंधळा होतो. शंभर वॅटचा बल्बही नको, वायरिंग वितळेल. मल्टिमीटर घे आणि बल्बच्या पिनेवर व्होल्टेज मोज. बॅटरीपेक्षा दहा टक्के कमी आलं तर प्रकाश तीस टक्के गेला असं समज. जाड वायर आणि दोन रिले टाक, अर्थिंग घासून घट्ट कर, काच पॉलिश कर, आणि नेहमीच्या बल्बमधून तुला कधी न दिसलेला रस्ता दिसेल. खर्चाच्या मानाने एवढी मोठी सुधारणा मला दुसरी माहीत नाही. मागे परावर्तक पट्टी आणि रिव्हर्सचा बझर लाव, आणि क्रेटं बांधायला दोरीऐवजी पट्टे घे.

कुर्ल्याच्या भंगारातून दरवाजा घे, आरसा घे, हौद्याचं बिजागर घे, सीट घे. तिथे पैसे वाचव, खुशाल वाचव. ब्रेक, स्टिअरिंग, बेअरिंग आणि टायर तिथून आणायचे नाहीत.

उद्या माल भरल्यावर निघण्याआधी गाडी वजनकाट्यावर चढव. आधी पुढचा ॲक्सल, मग मागचा, मग पूर्ण गाडी, तिन्ही वजनांची पावती घे. परत जाताना रिकामी गाडीही तशीच मोज. त्या पावत्या, चार टायरच्या हवेचे आकडे आणि ब्रेक लायनरची जाडी, एवढं लिहून माझ्याकडे आण. मग आपण दोघं बसून तुझी यादी नव्याने करू. त्याआधी त्या चिपवाल्याला आगाऊ पैसे दिलेस, तर तुझ्या गाडीला मी हात लावणार नाही.